पालेभाजीतील शिसे : तपासणी कशी होते, नमुना कसा द्यावा?

सांडपाण्यावर किंवा रहदारीच्या रस्त्यालगत घेतलेल्या पालेभाजीत शिसे येऊ शकते. भाजी हिरवीगारच दिसते, त्यामुळे तपासणीशिवाय ते कळत नाही. कोडेक्स मानकानुसार पालेभाजीत किलोमागे जास्तीत जास्त 0.3 मिलिग्रॅम शिसे चालते.

प्रयोगशाळेत अर्धा ग्रॅम भाजी आम्लात विरघळवून 50 मिलि द्रावण केले, तर मर्यादेइतके शिसे त्यात फक्त 3 पीपीबी भरते. ज्योतीवर चालणारे साधे यंत्र ते मोजू शकत नाही. म्हणून ग्रॅफाइट फर्नेस एएएस वापरतात. ग्रॅफाइटच्या लहान नळीत सुमारे 20 मायक्रोलिटर द्रावण टाकून ते आधी वाळवतात, मग त्यातील सेंद्रिय भाग जाळतात. शेवटी सुमारे 2,000 अंश सेल्सिअसला शिशाचे अणू मोकळे होतात. ते दिव्याचा प्रकाश जितका जास्त शोषतात, तितके शिसे जास्त.

इतक्या सूक्ष्म मोजणीत पानावरची धूळही अहवाल बिघडवते. त्यामुळे :

- बांधाकडच्या ओळी सोडून 8 ते 10 ठिकाणची पाने घ्यावीत.
- स्वच्छ पाण्याने धुवून निथळावीत.
- नव्या प्लॅस्टिक पिशवीत भरावीत, वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत.
- नमुना त्याच दिवशी पोहोचवावा.

शिसे जास्त आढळल्यास भाजी विकू नये. पाणी व माती तपासून ते कुठून येते ते आधी शोधावे.