विमा, हुंडी आणि हुंडेभाडें : वाटेवरील मालाची जोखीम

जुन्या व्यापारी कागदांचा अभ्यास करणारास हुंडी, विमा व हुंडेभाडें हे तीन शब्द भेटतात. तिहींचा संबंध द्रव्य अगर माल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं पोंचविण्याशीं असल्यामुळें ते जवळजवळ समानार्थी आहेत असा समज होणें साहजिक आहे. परंतु तो बरोबर नाहीं. जमाखर्चांतील एखादी रक्कम व्याजाची, वाहतुकीची कीं धोक्याची, हें न ओळखतां त्या काळच्या व्यापाराचें चित्र काढूं लागल्यास सावकारास निष्कारण लोभी अगर व्यापाऱ्यास निष्कारण उधळ्या ठरविण्याचा प्रसंग येईल. याकरितां या तिहींचा भेद येथें स्पष्ट करण्याचें योजिलें आहे.

विमा म्हटला म्हणजे हल्लीं आयुष्याचा विमा डोळ्यांपुढें येतो. पण हिंदुस्थानांत आयुष्याचा विमा उतरविणारी कंपनी कलकत्त्यास निघाली ती १८१८ सालीं, म्हणजे पेशवाई बुडाली त्याच वर्षीं. विमा हा शब्द व तो व्यवहार त्याहून पुष्कळ जुना आहे. फारशींत ‘बीम’ म्हणजे भय. त्याशीं या शब्दाचा संबंध लावतात. हें भय मुख्यतः वाटेचें. वखारींत कुलुपाखालीं असलेला माल धन्याच्या नजरेंत असतो. तोच बैलाच्या पाठीवर अगर गलबतांत चढला कीं चोर, पूर, वादळ व परक्याची हयगय या सर्वांच्या स्वाधीन होतो.

या भयाची दखल आपल्या प्राचीन ग्रंथांनीं दोन रीतींनीं घेतली आहे. पहिली राजाच्या जबाबदारीची. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत असें सांगितलें आहे कीं, सार्थवाहांनीं गांवांत मुक्काम करतांना आपल्याजवळील मालाचें मोल कळवावें. मग तेथें रात्रीं कांहीं चोरीस गेल्यास त्याची भरपाई ग्रामप्रमुखानें करावी. दोन गांवांमधील कुरणांत माल गेला तर ती जबाबदारी कुरणावरील अधिकाऱ्याची, व त्याच्याहि पलीकडे चोर पकडण्यास नेमलेल्या अधिकाऱ्याची. दुसरी रीत व्याजाची. त्याच ग्रंथांत दरमहा दर शेंकडा साधारण व्याज सव्वा पण, व्यापारी व्याज ५, अरण्यांतून जाणारासाठीं १० व समुद्रावर जाणारासाठीं २० पण असें सांगितलें आहे. याज्ञवल्क्यानेंहि अरण्य व समुद्र यांचे हेच आंकडे दिले आहेत. उघडच आहे कीं, येथें व्याजाच्या पोटांतच धोक्याचें मोल घातलेलें आहे.

आतां हुंडीकडे वळूं. हुंडीचा मूळ उपयोग द्रव्य न हलवितां तें पोंचतें करण्याचा. नाणें घरींच राहतें, कागद तेवढा प्रवास करतो. परंतु सतराव्या शतकांत हुंडीस याहून निराळें रूप आलेलें दिसतें. फ्रेंच जवाहिरा ताव्हर्निये याचा प्रवासवृत्तांत १६७६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत सुरतेवर केलेल्या हुंड्यांचे दर दिले आहेत : लाहोराहून शेंकडा सव्वासहा, बऱ्हाणपुराहून अडीच ते तीन, अमदाबादेहून एक ते दीड. हे दर चढे वाटतात खरे, पण माल वाटेंत लुटला गेल्यास पैसे देणाऱ्याचे पैसे बुडतात, असा खुलासा त्यानेंच केला आहे. म्हणजे या हुंडणावळींत दोन गोष्टी मिसळल्या आहेत, द्रव्याचा वापर आणि वाटेची जोखीम. पुढें पश्चिम किनाऱ्यावर हीच कल्पना ‘जोखमी हुंडी’ या नांवानें रूढ झाली. माल गलबतांत चढतांच हुंडी घेणारा पैसे देई. माल सुखरूप पोंचला तरच ती हुंडी भरावयाची. गलबत बुडालें तर हुंडीहि बुडाली.

विम्याचा व्यवहार याहून वेगळा. सुजानराय भंडारी यानें १६९५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘खुलासतुत्तवारीख’ या फारशी ग्रंथांत तो वर्णिला आहे. वाटेच्या भयामुळें व्यापारी आपला माल सराफाच्या हवालीं करी, व सराफ आपला मोबदला घेऊन तो ठरल्या ठिकाणीं सुखरूप पोंचता करी; यास विमा म्हणत. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. आजचा विमेवाला ‘नुकसान झाल्यास पैसे भरीन’ असें म्हणतो; सुजानरायाच्या वर्णनांतील सराफ ‘माल पोंचवीन’ असें म्हणे. माल त्याच्याच ताब्यांत असल्यामुळें मार्ग कोणता, सोबत किती, मुक्काम कोठें, हें ठरविणें त्याच्या हातीं असे.

हुंडेभाडें हा तिसरा प्रकार. यांत भाडें व वाटेवरील जकाती यांचा मिळून एकच ठोक आंकडा ठरे, आणि तो ठेका घेणारा तो हुंडेकरी. सर जॉन माल्कम यानें १८२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्यहिंदुस्थानच्या वृत्तांतांत माळव्यांतील विमा व हुंडेभाडें या दोहोंचाहि उल्लेख आहे. ठिकठिकाणीं जकातीचे नाके असतां प्रत्येकाशीं स्वतंत्र घासाघीस करण्यापेक्षां ही रीत व्यापाऱ्यास सोयीची होती. हुंडेकरी हा शब्द महाराष्ट्रांतील वाहतुकीच्या धंद्यांत अद्यापि जिवंत आहे.

रेल्वे व पक्के रस्ते झाल्यावर हे व्यवहार कायद्याच्या चौकटींत आले. १८६५ च्या वाहतूकदारांच्या कायद्यांत असें होतें कीं, शंभर रुपयांहून अधिक मोलाचें सोनें, चांदी, जवाहीर इत्यादि चिजांचें मोल व वर्णन सुपूर्त करतांना सांगितलें नसेल तर त्यांच्या नुकसानीस वाहतूकदार सामान्यतः जबाबदार नसे. २००७ च्या कायद्यानें तो रद्द झाला; तरी मोल अधिक जाहीर न केल्यास जबाबदारी मर्यादित राहावी, हें तत्त्व नव्या कायद्यांतहि आहे. दोन सहस्र वर्षांपूर्वींच्या सार्थवाहाकडूनहि हीच अपेक्षा होती.

म्हणूनच आजच्या कारखानदारानेंहि दोन गोष्टी विसरूं नयेत. वाहतुकीची पावती हा विमा नव्हे. आणि कारखान्याच्या जागेसाठीं घेतलेला आगीचा विमा तेथून हललेल्या यंत्राच्या मागोमाग आपोआप जातोच असें नाहीं. फिरत्या वस्तूंसाठीं वेगळा करार लागतो. अमेरिकेंत तर जमिनीवरून फिरणाऱ्या मालाच्या विम्यासहि ‘इनलँड मरीन’ म्हणजे ‘भूमीवरील सागरी’ असेंच म्हणतात. वाटेच्या विम्याचें मूळ समुद्रांत आहे याची ती खूण होय.

सारांश, कागद वाचतांना तीन प्रश्न विचारावे : माल कोणाच्या ताब्यांत होता? त्याचें मोल कोणास सांगितलें होतें? तो बुडाला तर कोण बुडणार होता? पहिल्याच्या उत्तरावरून हुंडेभाडें, तिसऱ्याच्या उत्तरावरून विमा ओळखतां येतो, व जेथें केवळ कागदच फिरला तेथें साधी हुंडी समजावी. सावकारी घराण्यांच्या वह्या वाळवीच्या तोंडीं पडत आहेत. ज्यांच्या संग्रहीं त्या असतील त्यांनीं विमा व हुंडणावळ यांच्या नोंदी निराळ्या काढून प्रसिद्ध केल्यास आपल्या जुन्या वाटा किती निर्धोक होत्या, याचें सर्वांत विश्वसनीय मापच हातीं येईल. कारण तें मोजणारांनीं आपलें स्वतःचें द्रव्य पणास लावलें होतें.