म्हाताऱ्यांचे रेशन, दवाखाना आणि गॅस : नियम बदलले, आपले कागद बदलले का?

शेतकरी बंधूंनो, आपल्या घरात साठी-सत्तरी ओलांडलेले कोणी असेल, तर त्यांचे रेशनकार्ड आणि आधारकार्ड आजच पेटीतून बाहेर काढा आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचा. नाव, वय, जन्मसाल जुळते का ते बघा. २०२२ नंतर वृद्धांच्या सवलतींत जे बदल झाले, त्यांचा लाभ मिळणे न मिळणे बहुतेक वेळा याच दोन कागदांवर अडते.

आधी धान्याचे. डिसेंबर २०२२ पर्यंत अन्नसुरक्षा कायद्याखाली गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलो होता. १ जानेवारी २०२३ पासून तो फुकट झाला आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षे फुकटच राहणार आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला मात्र माणसे कितीही असोत, ३५ किलो. इथेच म्हाताऱ्या जोडप्याचा हिशेब बघा. मुले वेगळी निघाली, चूल वेगळी झाली, पण कार्ड एकच राहिले. धान्य थोरल्याच्या घरी जाते आणि आई-बापाने मागून घ्यायचे! कार्ड वेगळे करून घेतले तर दोघांचे १० किलो तरी हक्काने घरी येते. आणि ज्यांना उत्पन्नाचा भरवशाचा आधार नाही, अशा साठीपुढील माणसांची कुटुंबे अंत्योदयच्या निकषात बसतात, हे कित्येक गावांत कोणाला ठाऊकच नसते. इष्टांक भरला आहे, असे उत्तर मिळेल. तरीही अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. तोंडी विचारणाऱ्याचे नाव कुठल्याच यादीत चढत नाही.

मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांचे तर धान्यच गेले. २०२३ पासून त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यात टाकण्याचे ठरले, पुढे ते १७० झाले. धान्य पोत्यात दिसायचे, पैसा खात्यात असतो आणि पासबुक बहुधा मुलाकडे. म्हातारीला विचारा, पैसे आले का? ती म्हणेल, "मला काय ठावं बाबा!"

आता अंगठ्याची गोष्ट. जन्मभर खुरपे, विळा, दोरखंड धरलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत. दुकानातले मशीन ते बोट ओळखत नाही आणि म्हातारी तीन चकरा मारून रिकाम्या पिशवीने परत येते. कार्डावरील प्रत्येकाची ई-केवायसी सक्तीची झाल्यावर ही अडचण वाढली. ती केली नाही तर नाव थांबते. त्यावर उपाय आहेत. बऱ्याच दुकानांत डोळे तपासणारे मशीन आले आहे. 'मेरा ई-केवायसी' या मोबाइल ॲपवर चेहरा दाखवूनही काम होते, फक्त आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा. आणि एक गोष्ट दुकानदारांनीही ध्यानात घ्यावी : अंगठा उठत नाही एवढ्याच कारणाने कोणाचे धान्य अडवू नये, अशी केंद्राची सूचना ऑक्टोबर २०१७ पासून आहे. तरीही अडवले तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या, किंवा १९६७ नंबर फिरवा.

दवाखान्याच्या बाबतीत बदल मोठा आणि चांगला आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. घरात आधीच आयुष्मानचे संरक्षण असले, तरी सत्तरीपुढच्यांसाठी हे ५ लाख वेगळे धरतात. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असले तर ते दोघांत मिळून. कागद एकच, आधार. पण आपल्याकडच्या आधारवरची जन्मतारीख! पुष्कळांची तारीख नोंदणीच्या वेळी अंदाजाने घातलेली. माणूस काठी टेकत चालतो आणि कागदावर तो अजून ६४ चा. ही तारीख एकदाच दुरुस्त होते आणि पुरावा लागतो, म्हणून घाई न करता शाळेचा दाखला वगैरे शोधूनच केंद्रावर जावे.

मात्र हे कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावरचे. बीपीच्या गोळ्यांना ते चालणार नाही. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. सत्तरीच्या आतल्यांनी महात्मा फुले जनआरोग्य योजना विसरू नये. तिची मर्यादा दीड लाखावरून ५ लाख झाली आणि कोणत्याही रंगाचे रेशनकार्ड चालते. रुग्णालयात शिरल्यावर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला गाठा.

राहिला जळणाचा प्रश्न. थंडीत पहाटे अंघोळीला ऊन पाणी आणि हातपाय शेकायला जाळ, याशिवाय म्हाताऱ्या माणसाचे भागत नाही. रेशनचे रॉकेल इतिहासजमा झाले. त्यावरचे केंद्राचे अनुदान २०२० पर्यंत संपले. उज्ज्वला गॅसला ऑक्टोबर २०२३ पासून सिलिंडरमागे ३०० रुपये सूट, पण २०२५-२६ मध्ये वर्षाला १२ ऐवजी ९ सिलिंडरांपुरती. २०२४ मध्ये राज्याने वर्षाला तीन सिलिंडर मोफत देणारी अन्नपूर्णा योजना आणली, तिची अट अशी की जोडणी बाईच्या नावे हवी. जुन्या जोडण्या बहुतेक म्हाताऱ्यांच्याच नावावर! शिवाय पैसे आधी मोजायचे आणि मग खात्यात परत. हाती रोकड नसलेल्या म्हातारीला सिलिंडर कोपऱ्यात आणि चुलीत काटक्या, असेच करावे लागते.

आता थोडे गावकारभाऱ्यांशी. तलाठी म्हणा की नव्या नावाने ग्राम महसूल अधिकारी म्हणा, उत्पन्नाचा दाखला त्यांच्याच अहवालावर निघतो. श्रावणबाळ योजनेचे १५०० रुपये मिळायला ६५ वर्षे वय आणि वर्षाचे उत्पन्न २१ हजारांच्या आत लागते. गावच्या रेशनच्या प्राधान्य यादीला मात्र ४४ हजार चालतात. एकच म्हातारा एका टेबलावर गरीब ठरतो, दुसऱ्यावर नाही. ही मर्यादा गावात बदलता येत नाही, पण दाखल्यासाठी त्याला चार वेळा तालुक्याला जावे लागू नये, एवढे गावात नक्की होते. ग्रामसभेआधी आशाताई, रेशन दुकानदार आणि ग्रामपंचायत यांनी साठीपुढच्यांची एक यादी करावी : कोणाची ई-केवायसी राहिली, कोणाचे आधारवरील वय चुकले, कोणाचे कार्ड मुलाच्या कार्डात अडकले. जे अंथरुणावर आहेत त्यांच्या घरी मोबाइल घेऊन जावे. आयुष्मान कार्डाची अडचण असल्यास १४५५५ हा नंबर फुकट आहे. तो रेशन दुकानाच्या पाटीशेजारी खडूने लिहून ठेवावा.