ते नाव आणि ती नाव

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी नातवासाठी बाबागाडी घेतल्याचे सांगितले. खोक्यावर लिहिले होते ‘प्रॅम’. थोरल्या नातीने शब्दकोश उघडला, तर प्रॅमचा दुसरा अर्थ निघाला होडी! बाळाची गाडी आणि होडी, दोन्हींना एकच शब्द कसा?

आम्ही शोधले तेव्हा कळले, हे मुळात दोन शब्द आहेत. गाडीचा प्रॅम म्हणजे ‘पेरॅम्ब्युलेटर’चे छोटे रूप, त्याचे लॅटिन मूळ ‘फिरणे’ असे आहे. होडीचा प्रॅम इंग्रजीत डच भाषेतून आला. ही सपाट बुडाची होडी. दोन्हींचे नाते काही नाही, उच्चार तेवढा जुळला.

असाच जोडशब्द आपल्या घरात आहे: नाव. बारशाला ठेवतो ते नाव संस्कृत ‘नामन्’पासून आले. ग्रामचे गाव झाले, तसे नामचे नाव. पूर्वी त्यावर अनुस्वार देत. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी तो गेला. पाण्यावरची नाव मात्र ‘नौ’ची लेक. नावाडी, नौका तिच्याच घरचे. तरी बोलताना आपण चुकत नाही, कारण एक ‘ते नाव’ आणि दुसरी ‘ती नाव’.

आपल्याला दोन्ही जपायला हवीत. २१ मे २०२४ रोजी करमाळ्यातील कुगावहून इंदापुरातील कळाशीकडे येणारी बोट उजनीच्या पाण्यात वादळाने उलटली. सहा जण गेले, त्यांत चिमुकलीही होती. म्हणून सांगतो, वारा सुटला असेल किंवा लाइफ जॅकेट नसेल, तर लेकराला घेऊन नावेत पाय ठेवू नका. उशीर झाला तरी चालेल.

आता ते नाव. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शासकीय कागदांवर आधी मुलाचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम शासनाने ठरवला आहे. जन्माची नोंद २१ दिवसांत करा. बारसे नंतर असेल, तरी नोंदीपासून बारा महिन्यांत बाळाचे नाव घालायला शुल्क लागत नाही. दाखला हातात आला की घडी घालण्याआधी वाचा. तुमचे नाव त्यावर आहे ना, अक्षर बरोबर आहे ना, तेवढे बघा.