चांदीपुराचा चोर

कोरोनाच्या साथीत तुमच्या घरात कुणाला वास येईनासा झाला होता का? अगदी फोडणीचासुद्धा? त्या विषाणूनं नाकातच घोटाळा केला होता. पण थेट मेंदूलाच सूज आणणारा एक विषाणू आपल्या नागपूरजवळ सापडला, हे ठाऊक आहे?

साल १९६५. चांदीपुरा गावात तापाची साथ होती. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी रुग्णांचं रक्त तपासलं, तर त्यात नवाच विषाणू! आकार बंदुकीच्या गोळीसारखा. गावावरून त्याचं नाव पडलं 'चांदीपुरा'.

तो पसरवते वाळूमाशी. डासाहूनही लहान! भिंतींच्या ओलसर भेगांत ती लपते. हा आजार जास्त करून पंधरा वर्षांखालच्या मुलांना गाठतो. आधी ताप, उलट्या. मग झटके, बेशुद्धी. सारं एक-दोन दिवसांतच! २००३ मध्ये महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशात, २०२४ मध्ये गुजरातमध्ये त्यानं कितीतरी मुलांचे बळी घेतले.

त्यावर खास औषध किंवा लस अजून नाही. म्हणून भेगा लिंपायच्या, बारीक जाळीच्या मच्छरदाणीत झोपायचं. आणि आईबाबांनो, तापात मुलाला झटका आला तर 'सकाळी बघू' म्हणू नका. लगेच दवाखाना गाठा. इथं एकेक तास मोलाचा असतो.