ग्लुटाथायोन गोळीतून मेंदूत पोहोचतं का?

मागच्या व्याख्यानानंतर एक ताई भेटल्या. त्यांच्या यजमानांना पार्किन्सन आहे. ‘ग्लुटाथायोनच्या गोळ्या महाग आहेत, पण मेंदूला उपयोग होत असेल तर आणीन म्हणते,’ असं त्या म्हणाल्या. आज त्याच प्रश्नाकडे बघू.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीर वापरतं त्यातला सुमारे २० टक्के ऑक्सिजन त्याला एकट्याला लागतो. एवढा ऑक्सिजन वापरला की हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे घातक पदार्थ तयार होणारच. ते निकामी करण्यात ग्लुटाथायोनचा मोठा वाटा असतो.

हा रेणू अगदी छोटा असतो. ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन या तीन अमिनो आम्लांचा तो बनतो. यातलं ग्लुटामेट आणि सिस्टीन आधी जोडलं जातं, आणि सगळ्या कामाचा वेग तिथेच ठरतो. ही जोडणी करणाऱ्या विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, दोन भाग असतात. प्रत्यक्ष जोडणारा भाग जीसीएलसी या जनुकावरून तयार होतो. माणसात हे जनुक ६ क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. दुसरा भाग जीसीएलएम जनुकाचा. तो स्वतः जोडत नाही, पहिल्याची कार्यक्षमता वाढवतो.

याचं महत्त्व किती? उंदरांमध्ये जीसीएलसी पूर्ण काढून टाकलं, तर पिल्लं गर्भातच मरतात. जीसीएलएम काढलं तर उंदीर जगतात, पण त्यांच्या शरीरात ग्लुटाथायोन खूपच कमी असतं.

आता मेंदूत काय होतं बघा. चेतापेशींना सिस्टीनची चणचण असते. शेजारच्या तारकापेशी, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसाइट्स, आपलं ग्लुटाथायोन बाहेर सोडतात. बाहेर त्याचे तुकडे होतात, त्यातून सिस्टीन मिळतं आणि चेतापेशी ते वापरून स्वतःचं ग्लुटाथायोन बनवतात. म्हणजे तयार माल नाही, कच्चा माल पोचतो! ताण वाढला की तारकापेशींत एनआरएफ२ नावाचं प्रथिन जीसीएलसी जनुकाचं काम वाढवतं.

पार्किन्सनमध्ये मेंदूच्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागात ग्लुटाथायोन कमी झालेलं आढळतं, हे खरं. पण गोळीतल्या ग्लुटाथायोनचे बरेचसे तुकडे पचनातच होतात, आणि रक्तातलं ग्लुटाथायोन मेंदूत फारसं शिरत नाही. मेंदूला ते जागेवरच बनवावं लागतं.

म्हणून ताईंना मी एवढंच म्हणेन, गोळ्यांवर पैसे घालण्याआधी यजमानांच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारा. आणि चालू असलेली औषधं मात्र बंद करू नका.