कडक झालं म्हणजे क्युअर झालं का? स्वस्त जेल नेलपॉलिश आणि त्यासोबतच्या लॅम्पचं गणित

नेलपॉलिशवर लेख, तोही टेक साइटवर? थांबा, सांगतो. जेल नेलपॉलिशचा सेट उघडलात तर आत काय असतं? एक पॉवर ॲडॉप्टर, ठरावीक तरंगलांबीचे एलईडी, एक टायमर आणि त्या प्रकाशावर घट्ट होणारं एक रसायन. म्हणजे हे चक्क एक गॅजेट आहे, फक्त त्याचा आउटपुट तुमच्या बोटावर येतो. आणि गॅजेटच्या बाबतीत आपण जे प्रश्न विचारतो (चार्जर ओरिजिनल आहे का, वॉट खरे आहेत का, विक्रेता कोण आहे) ते इथे कोणीच विचारत नाही. पाचशे रुपयांत सहा बाटल्या, लॅम्प आणि फाइल असा सेट रीलमध्ये दिसतो, खाली लिंक असते, आणि दोन दिवसांत पार्सल दारात.

आधी एक गोंधळ दूर करू. साधं नेलपॉलिश वाळतं. त्यातलं द्रावक हवेत उडून जातं आणि रंगाचा थर मागे राहतो. जेल वाळत नाही. त्यात मोनोमर नावाचे छोटे रेणू असतात आणि प्रकाशाने जागा होणारा एक घटक असतो, त्याला फोटोइनिशिएटर म्हणतात. लॅम्पचा प्रकाश पडला की हा घटक तुटतो आणि मोनोमरची साखळी जोडायला सुरुवात करतो. काही सेकंदांत लाखो साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रवाचं प्लास्टिक होतं. याला क्युअर होणं म्हणतात. म्हणूनच जेलची बाटली काळी किंवा पूर्ण अपारदर्शक असते, नाहीतर दुकानातच घट्ट होईल. पारदर्शक काचेच्या बाटलीवर ‘जेल फिनिश, लॅम्पची गरज नाही’ असं लिहिलेलं असेल तर ते बहुतेक साधंच नेलपॉलिश असतं. त्याचा या लेखाशी संबंध नाही, बिनधास्त लावा.

आता मुद्द्याची गोष्ट. जाड थालीपीठ मोठ्या आचेवर टाकलं तर वरून मस्त खरपूस दिसतं आणि मध्ये कच्चं राहतं. जेलचंही असंच होतं. वरचा थर कडक झाला, चमक आली, नखाने टकटक केलं तर आवाजही येतो, पण खाली नखाला लागून असलेल्या भागात न जोडलेले मोनोमर शिल्लक असू शकतात. बोट लावून हे कळत नाही. डोळ्यांनाही दिसत नाही. चांगल्या जेलमध्येसुद्धा शंभर टक्के मोनोमर जोडले जात नाहीत, थोडे राहतातच. प्रश्न किती राहतात हा आहे, आणि ते दोन गोष्टींवर ठरतं: बाटलीत काय आहे आणि लॅम्प काय देतो.

लॅम्पपासून सुरू करू, कारण तिथलं खोटं पकडणं सोपं आहे.

माझी मावसबहीण घरच्या घरी नेल आर्टची कामं घेते. तिच्या लॅम्पच्या पेटीवर मोठ्या अक्षरांत ५४ वॉट लिहिलंय. मी ॲडॉप्टर उलटा करून बघितला: आउटपुट १२ व्होल्ट, १.५ अँपिअर. गुणाकार केला तर १८ वॉट. जो ॲडॉप्टर १८ वॉट देतो त्यावर ५४ वॉटचा लॅम्प चालू शकत नाही, विषय संपला. मग ५४ आले कुठून? अशा आकड्यांमागे बऱ्याचदा एक साधी युक्ती असते: आत किती एलईडी आहेत ते मोजायचं आणि प्रत्येकाच्या कमाल क्षमतेने गुणायचं. ३६ गुणिले दीड, झाले ५४. प्रत्यक्षात ते एलईडी तेवढ्या ताकदीने कधीच पेटत नाहीत.

यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या लॅम्पची गोष्ट आणखी मजेशीर आहे. तुम्ही तो ६७ वॉटच्या फोन चार्जरला लावला तरी त्याला ६७ वॉट मिळत नाहीत. फास्ट चार्जिंगमध्ये फोन आणि चार्जर आधी एकमेकांशी बोलून व्होल्टेज ठरवतात. साध्या लॅम्पला ते बोलणं येत नाही, त्यामुळे त्याला नेहमीचे ५ व्होल्टच मिळतात. ५ व्होल्ट आणि २ अँपिअर म्हणजे १० वॉट. तोच लॅम्प लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी पोर्टला लावलात तर त्या पोर्टचं ठरलेलं माप आहे ०.५ अँपिअर, म्हणजे अडीच वॉट. लॅम्प तरीही पेटतो, जांभळा प्रकाशही पडतो, टायमर ६० सेकंदांनी बंदही होतो. फक्त जेलला हवा तेवढा प्रकाश मिळालेला नसतो. हॉस्टेलमध्ये लॅपटॉपला लॅम्प लावून नखं करणाऱ्या मुली मी बघितल्या आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

बरं, वॉट खरे असले म्हणजे झालं का? तेही नाही. वॉट म्हणजे लॅम्प वीज किती खातो. जेलला हवा असतो ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश. बहुतेक एलईडी नेल लॅम्प ३६५ आणि ४०५ नॅनोमीटर अशा दोन प्रकारचे एलईडी वापरत असल्याचं सांगतात. यातला ४०५चा प्रकाश डोळ्यांना जांभळा दिसतो, ३६५चा जवळजवळ दिसतच नाही. म्हणजे एखाद्याने ३६५चे महाग एलईडी टाकलेच नाहीत तरी लॅम्प छान जांभळा दिसेल. ‘किती भारी पेटतोय बघ’ हा निकष इथे उपयोगाचा नाही, आणि फोनच्या कॅमेऱ्यानेही यातला फरक खात्रीने कळत नाही.

म्हणून जेल आणि लॅम्प ही जोडी आहे. चांगली कंपनी आपलं जेल आपल्याच लॅम्पखाली तपासते आणि मग बाटलीवर ‘३० सेकंद’ किंवा ‘६० सेकंद’ असं छापते. ते सेकंद त्या लॅम्पचे असतात. एका कंपनीची बाटली, दुसऱ्याचा लॅम्प आणि तिसऱ्याच्या रीलमधला वेळ असं केलं तर काय होईल हे कोणीच तपासलेलं नसतं. गडद रंगात हे आणखी बिघडतं, कारण काळा किंवा गडद निळा रंग प्रकाश वरच्या वर शोषून घेतो आणि खालपर्यंत पोचू देत नाही. दोन पातळ थर वेगवेगळे क्युअर करा, एक जाड थर लावू नका.

अर्धवट राहिलेला मोनोमर काय करतो?

नख तसं निर्जीव असतं, पण आजूबाजूची त्वचा नसते. स्वस्त जेलमध्ये खूपदा आढळणारा एक मोनोमर म्हणजे हायड्रॉक्सीइथाइल मेथाक्रिलेट, थोडक्यात हेमा. (या नावाची मैत्रीण असेल तर तिची माफी मागून पुढे जातो.) हा रेणू लहान असतो, त्यामुळे त्वचेत सहज शिरतो. पहिल्यांदा शिरला तेव्हा बहुतेक वेळा काहीच होत नाही. दहाव्यांदाही नाही. पण दरम्यान शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्याला शत्रू म्हणून ओळखायला शिकू शकते, आणि एकदा शिकली की सहसा आयुष्यभर विसरत नाही. मग पुढच्या वेळी नखांभोवती खाज, लाली, बारीक फोड, त्वचा फाटणं सुरू होतं. कधी नख खालच्या त्वचेपासून सुटायला लागतं. गंमत म्हणजे कित्येकदा पुरळ पापण्यांवर किंवा मानेवर येतं, कारण बोटं तिथे लागतात, आणि मग माणूस काजळ बदलत बसतो.

‘मला आजवर काही झालं नाही’ हे वाक्य म्हणूनच इथे फारसं कामाचं नाही.

आता यात खरं नुकसान काय ते बघा. हा प्रश्न फक्त नेलपॉलिश सोडून देण्याने मिटत नाही. हेमा आणि त्याची भावंडं दातांच्या फिलिंगखाली लावायच्या चिकट द्रवात असतात. हाडाच्या शस्त्रक्रियेत सांधा बसवायला वापरतात ते सिमेंटही याच कुटुंबातल्या रसायनाचं असतं. मधुमेहाचे रुग्ण दंडावर लावतात त्या ग्लुकोज सेन्सरच्या चिकटपट्टीतही याच जातीची रसायनं सापडली आहेत. विशीत नखांमुळे लागलेली ॲलर्जी चाळिशीत दाताच्या डॉक्टरांकडे त्रास देऊ शकते. तुम्हाला अशी ॲलर्जी असेल तर दातांचं काम करण्याआधी ते सांगायला हवं.

युरोपियन युनियनने २०२१ पासून हेमा असलेल्या नखांच्या उत्पादनांवर ‘फक्त व्यावसायिक वापरासाठी’ आणि ‘ॲलर्जी होऊ शकते’ असे इशारे सक्तीचे केले आहेत. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने घरगुती जेल किटबद्दल जाहीर इशारा दिला आहे. आणि १ सप्टेंबर २०२५ पासून युरोपियन युनियनमध्ये टीपीओ नावाच्या फोटोइनिशिएटरवर सौंदर्यप्रसाधनांत पूर्ण बंदी आली. त्याचं कारण वेगळं आहे: प्राण्यांवरच्या चाचण्यांवरून तो प्रजननक्षमतेला घातक ठरू शकणाऱ्या पदार्थांच्या वर्गात टाकला गेला. तेव्हापासून ‘टीपीओ-फ्री’ असे स्टिकर जोरात दिसू लागलेत. पण टीपीओ काढला म्हणजे त्याजागी दुसरा फोटोइनिशिएटर आला, आणि तो तुमच्या जुन्या लॅम्पखाली तेवढ्याच वेगाने काम करेलच असं नाही. ‘हेमा-फ्री’चंही तसंच. हेमाऐवजी हायड्रॉक्सीप्रोपाइल मेथाक्रिलेट वापरलं असेल तर ज्याला एकाची ॲलर्जी आहे त्याला दुसऱ्याचीही होऊ शकते. स्टिकर वाचा, पण घटकांची यादी जास्त वाचा.

फर्स्ट कॉपी आणि क्यूआर कोड

वरचं सगळं लेबल खरं आहे असं धरून चाललंय. डुप्लिकेट बाटलीत तो आधारच जातो, कारण आत काय आहे हे छापणाऱ्यालाही माहीत असेलच असं नाही. इथे माझ्या धंद्यातली गोष्ट येते. अनेकांना वाटतं की क्यूआर कोड स्कॅन झाला, कंपनीची साइट उघडली, म्हणजे माल अस्सल. पण क्यूआर कोड हे फक्त एक चित्र आहे. खऱ्या बाटलीवरच्या कोडचा फोटो काढून दहा हजार बाटल्यांवर छापला तर दहा हजार वेळा खरीच साइट उघडेल. याहून वाईट म्हणजे कोड भलत्याच साइटवर नेतो आणि तिथे हिरवी टिक येते, ‘अस्सल उत्पादन’. असलं पान मी चहा थंड व्हायच्या आत बनवून देऊ शकतो. त्यामुळे स्कॅन केल्यावर हिरवी टिक बघण्याआधी वरचा पत्ता बघा, तो कंपनीच्याच डोमेनचा आहे का.

जरा भरवशाची पद्धत म्हणजे प्रत्येक बाटलीला वेगळा, खरवडून काढायचा कोड. तो सर्व्हरवर एकदाच ‘पहिल्यांदा तपासला’ असा नोंदवला जातो. तुम्ही नवी बाटली उघडलीत आणि उत्तर आलं की हा कोड आधीच अनेकदा तपासला गेलाय, तर समजून जा. बारकोडवर फार विसंबू नका. सुरुवातीचे ८९० हे आकडे इतकंच सांगतात की नंबर भारतातल्या नोंदणीतून घेतलाय. माल कुठे बनला हे त्यातून कळत नाही, आणि बारकोडही कॉपी होतोच.

शॉपिंग ॲपवर आणखी एक खाच आहे. एकाच उत्पादनाच्या पानावर अनेक विक्रेते असू शकतात. वरचे चार हजार रिव्ह्यू उत्पादनाचे असतात, आज तुम्हाला माल पाठवणाऱ्या विक्रेत्याचे नसतात. म्हणून विक्रेत्याच्या नावावर टॅप करून त्याचं स्वतंत्र रेटिंग बघा. बाटलीचा फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघा. तीच बाटली, तेच झाकण, फक्त नाव वेगळं असे आठ-दहा ‘ब्रँड’ निघाले तर एकाच कारखान्यातल्या मालावर वेगवेगळी लेबलं चिकटवली असण्याची शक्यता मोठी. हे बेकायदा नाही, पण मग ‘ब्रँड’चे जास्तीचे पैसे कशाचे देताय ते तुम्हीच ठरवा.

भारतात विकल्या जाणाऱ्या सौंदर्यप्रसाधनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर आणि मुदत असायला हवी. इथे बनलेलं असेल तर उत्पादन परवान्याचा नंबर, आणि आयात केलेलं असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा नंबर हवा. हे २०२०च्या कॉस्मेटिक्स नियमांत आहे. बाटलीवर फक्त चिनी अक्षरं आणि एक फुलाचं चित्र असेल, आयातदार कोण तेही नसेल, तर मला तरी पुढे काही तपासायची गरज वाटत नाही.

ज्या मैत्रिणी घरून नेल आर्टचं काम करतात त्यांनी जास्त जपायला हवं, कारण ग्राहक महिन्यातून एकदा जेल लावतो, त्या रोज हाताळतात. पातळ ग्लोव्हजमधूनही मोनोमर काही मिनिटांत आत येऊ शकतो, तेव्हा जेल सांडलं की ग्लोव्हज लगेच बदला. त्वचेवर लागलेलं जेल लॅम्पखाली जाण्याआधी पुसा, नंतर नाही. क्युअर झाल्यावर वर जो चिकटपणा राहतो तोही न जोडलेला मोनोमरच असतो, हवेतला ऑक्सिजन वरच्या थराची साखळी तोडतो म्हणून. तो बोटाने चाचपून बघायची सवय सोडा. आणि त्रास सुरू झालाच तर जेल काढून त्वचारोगतज्ज्ञांकडे पॅच टेस्ट करून घ्या. बाटली फेकू नका, सोबत न्या.

तक्रार करायची असेल तर आधी स्क्रीनशॉट काढा: उत्पादनाचं पान, विक्रेत्याचं नाव, मूळ देश, बिल. पान दुसऱ्या दिवशी गायब झालेलं असू शकतं. ॲपवर दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

तक्रार मिटली, डॉक्टरांचं काम झालं आणि संशयास्पद बाटली घरात उरली, तर ती बेसिनमध्ये ओतू नका. ग्लोव्हज घालून जुन्या फॉइलवर अगदी पातळ थर पसरा आणि दुपारच्या उन्हात ठेवा. उन्हातही यूव्हीए किरणं असतातच, त्यामुळे जेल तिथेही घट्ट होतं. गडद रंग असेल तर जास्त वेळ लागेल. पूर्ण कडक झाल्यावर फॉइल गुंडाळून सुक्या कचऱ्यात टाका.