कल्याण नावाचा जनुकबदल

जनुकांची बखर : लेखांक 14

मुरबाडला अजून रेल्वे नाही. तिथून मुंबईला यायचं तर एसटीने कल्याण गाठायचं आणि लोकल पकडायची. शहापूरकरांना आसनगाव स्टेशन आहे, पण त्यांची लोकलही कल्याणवरूनच पुढे जाते. हे कल्याण जगभरच्या जनुकशास्त्राच्या याद्यांमध्ये चाळीस वर्षांपासून आहे, हे त्या फलाटांवरच्या गर्दीत फार थोड्यांना ठाऊक असेल. 1984 साली ‘ह्यूमन जेनेटिक्स’ या नियतकालिकात एका कोळी कुटुंबाविषयी निबंध छापून आला. त्या कुटुंबात जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराचा तोवर कुठेही न नोंदलेला प्रकार सापडला होता. अशा प्रकारांना गावांची किंवा प्रदेशांची नावं देण्याची रीत आहे, त्यामुळे हा झाला ‘जी-सिक्स-पीडी कल्याण’. पुढे 1992 मध्ये प्रत्यक्ष जनुक वाचून पाहिल्यावर लक्षात आलं की केरळच्या नावाने नोंदलेला प्रकार आणि कल्याणचा प्रकार एकच आहे. दोन्हींत प्रथिनाच्या साखळीतल्या 317 व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसीन येऊन बसलेलं असतं. आता त्याची नोंद ‘केरळ-कल्याण’ अशी जोडनावाने होते.

हा विकर तांबड्या रक्तपेशींना सांभाळतो. काही औषधं, काही संसर्ग पेशीवर ऑक्सिडीकरणाचा ताण आणतात, तो झेलायची ताकद पेशीला या विकरामुळे मिळते. विकर कमी पडला की एरवी माणूस धडधाकट दिसतो, कित्येकांना आयुष्यभर काही कळतही नाही. कळतं ते हिवताप झाल्यावर. व्हायवॅक्स जातीचा हिवताप यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उलटतो. त्याला तिथून हुसकायला प्रायमाक्वीन द्यावं लागतं, आपल्याकडे चौदा दिवस. ज्याच्यात जी-सिक्स-पीडी कमी आहे त्याच्या रक्तपेशी याच औषधाने फुटू लागतात. लघवी काळपट होते, डोळे पिवळे पडतात, दम लागतो. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे त्रास मुख्यतः पुरुषांना होतो, आणि बदल त्यांच्याकडे येतो तो आईकडून. जगात अशी सुमारे 40 कोटी माणसं आहेत. त्यांना उपाय नाही असंही नाही. आधी तपासणी केली तर रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, देखरेखीखाली औषध देता येतं. म्हणजे 1984 च्या निबंधातली माहिती निव्वळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाची नव्हती. पाड्यावर गोळ्यांचं पाकीट घेऊन जाणाऱ्या आशाताईंच्या कामाची होती.

ही माहिती नियतकालिकातून आशाताईंपर्यंत कोण पोहोचवणार? या लेखमालेत आतापर्यंत आपण जनुकं कशी वाचतात ते पाहिलं. आज ती वाचणारी तरुण माणसं कशी घडतात ते पाहू, कारण या प्रश्नाचं उत्तर तिथे दडलेलं आहे.

पीएचडी करणारा किंवा नुकता पीएचडी झालेला संशोधक प्रयोगशाळेत तंत्र शिकतो, पण शास्त्रज्ञ म्हणून उभं राहायला तो मेळाव्यांमध्ये शिकतो. पोस्टरसमोर उभं राहून अनोळखी माणसाला आपलं काम पाच मिनिटांत सांगायचं, अडचणीचा प्रश्न आला की टाळायचा नाही, चहाच्या रांगेत भेटलेल्याशी पुढच्या कामाचं ठरवायचं. हे कुठल्या पुस्तकात सापडत नाही. शास्त्रज्ञांच्या गॉर्डन परिषदांमध्ये तर मुख्य परिषदेच्या आधी दोन दिवस विद्यार्थी आणि पोस्टडॉक मंडळींचं वेगळं चर्चासत्र भरतं. ज्येष्ठांचा दबाव नसला की मुलं मोकळी बोलतात, हा त्यामागचा विचार. विचार चांगलाच आहे. पण त्या सभागृहातही एक माणूस सहसा नसतो. ज्याच्या रक्तावर ही सगळी आकडेमोड उभी आहे, तो.

तो असला तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेत घडलं आहे. ग्रँड कॅनियनच्या दरीत राहणाऱ्या हवासुपाई लोकांमध्ये मधुमेहाचं प्रमाण फार होतं. 1990 पासून अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांचे रक्तनमुने घेतले. 2003 मध्ये त्याच विद्यापीठात एक तरुण संशोधक आपला प्रबंध सादर करत होता आणि श्रोत्यांमध्ये कार्लेटा टिलूसी ही हवासुपाई विद्यार्थिनी बसली होती. सादर होणारं काम आपल्या लोकांच्या रक्तावर आहे आणि त्याचा विषय मधुमेह नाही, हे तिच्या लक्षात आलं. यासाठी आमची परवानगी घेतली होती का, असं तिने विचारलं. त्या एका प्रश्नातून पुढे चौकशी झाली, खटले झाले. स्किझोफ्रेनिया, आप्तसंबंधांतली लग्नं, पूर्वजांचं स्थलांतर अशा विषयांसाठीही ते नमुने वापरल्याचं उघड झालं. 2010 मध्ये विद्यापीठाने 41 जणांना मिळून सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. संशोधक दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. एकदा घेतलेलं रक्त आपल्या फ्रीजरमधलं साहित्य झालं, असं मानणारी शिस्त त्यांना शिकवली गेली होती. ती चूक आहे हे सांगायला सभागृहात त्या वस्तीतलं माणूस बसावं लागलं.

याच्या पुढचं पाऊल 2011 मध्ये इलिनॉय विद्यापीठात पडलं. तिथे आदिवासी समाजांतल्या विद्यार्थ्यांसाठी आणि तरुण संशोधकांसाठी ‘सिंग’ नावाची आठवडाभराची जनुकशास्त्र कार्यशाळा सुरू झाली. नळीतून डीएनए वेगळा करणं, संगणकावर तो वाचणं, आणि त्याच आठवड्यात संमती म्हणजे काय, नमुन्यावर हक्क कोणाचा, निष्कर्ष आधी कोणाला सांगायचे यांवर वाद घालणं, अशी तिची आखणी आहे. पुढे न्यूझीलंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातही तिची रोपं लागली. तरुण जनुकशास्त्रज्ञांच्या मेळाव्यांमध्ये मला हा सर्वांत मोलाचा वाटतो. इथे शिकणारा आणि ज्याच्याविषयी शिकायचं तो, अशी दोन वेगळी माणसं उरत नाहीत.

असा मेळावा शहापूर किंवा मुरबाडमध्ये भरायला हवा, असं मला मनापासून वाटतं. ठाकूर, महादेव कोळी, वारली आणि कातकरी वस्त्यांचा हा मुलूख आहे. कातकऱ्यांची नोंद तर केंद्र सरकारच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांमध्ये आहे. या समाजांत लग्नं बहुतेक आपापसांतच होतात, त्यामुळे एखादा जनुकबदल एका समाजात वारंवार आढळतो आणि शेजारच्या समाजात विरळा. एका समाजावरून दुसऱ्याचं अनुमान काढता येत नाही. जगाची गोष्ट करायची तर 2016 मध्ये ‘नेचर’मधल्या एका मोजणीत असं दिसलं की रोगांशी निगडित जनुकं शोधणाऱ्या अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी 81 टक्के माणसं युरोपीय वंशाची होती. आपल्याकडे 2008 मध्ये आलेल्या भारतीय जनुकवैविध्य प्रकल्पाने 55 समाजगटांतल्या 1871 व्यक्ती तपासल्या. ‘जीनोम इंडिया’ने 83 समाजगट घेऊन सुमारे दहा हजार जीनोम वाचले आणि जानेवारी 2025 मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. 2008 च्या प्रकल्पात समाजांची नावं न छापता भाषाकुळ, प्रदेश आणि सामाजिक गट यांची सांकेतिक अक्षरं दिली होती. कुठल्याही समाजावर शिक्का बसू नये म्हणून केलेली ती काळजी योग्यच होती. पण त्याचा दुसरा परिणामही आहे. नमुना दिलेल्या माणसाला त्या तक्त्यात स्वतःची वस्ती शोधता येत नाही. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईची धरणं शहापूर तालुक्यात, आणि तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर. इथून जातं ते इथे परत येत नाही, हे या लोकांना नव्याने समजावून सांगावं लागत नाही.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचंच घ्या. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन असं तिचं उद्दिष्ट आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी, ती होकारार्थी आली की यंत्रावर पक्की तपासणी, मग कार्ड. ‘एएस’ म्हणजे वाहक, ‘एसएस’ म्हणजे आजारी. इथवरचं काम यंत्रणा करते. खरा पेच त्यानंतर सुरू होतो. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’ असण्याची शक्यता चारात एक. ऐकणाऱ्याला वाटतं, चार मुलांत एकच आजारी होणार, म्हणजे पहिलं आजारी निघालं तर पुढची तीन सुटली. तसं नाही. प्रत्येक वेळी डाव नव्याने मांडला जातो. हे समजावणं जनुक वाचण्याइतकंच अवघड आहे. आणि वाहक मुलीचं कार्ड सोयरिकीच्या बैठकीत उघडं पडलं तर काय होईल, हे पाड्यावरच्या आईला कोणत्याही प्राध्यापकापेक्षा जास्त कळतं. तरुण संशोधकांनी तिच्यासमोर बसून शिकायची ही गोष्ट आहे.

मेळावा कधी भरवायचा, हेसुद्धा इथली माणसंच सांगू शकतील. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. परिषदांचा नेहमीचा मोसम डिसेंबर-जानेवारीचा, तेव्हा कातकरवाडी अर्धी रिकामी असते. पावसाळ्यात शेतीची कामं. म्हणजे उरतात ते भातकापणी आणि दिवाळीच्या आगेमागे येणारे थोडे दिवस. मुरबाडजवळ शिवळ्याला विज्ञान शाखेचं महाविद्यालय आहे, शहापूरला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, आश्रमशाळा आहेत. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय रुधिर-प्रतिरक्षाशास्त्र संस्था आहे, तिची माणसं महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत वर्षानुवर्षं रक्तविकारांवर काम करत आली आहेत. लागणारं सगळं कल्याणवरून जाणाऱ्या वाटांवर आहे. पहिल्या वर्षी वीस मुलं पुरेत, निम्मी मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांतली आणि निम्मी इथल्या बीएस्सीच्या वर्गांतली, त्यांत ठाकूर आणि कातकरी मुली असायलाच हव्यात. पोस्टर मराठीत लावावीत. पहिलं पोस्टर ‘केरळ-कल्याण’चं असावं, शेजारी प्रायमाक्वीनचं पाकीट ठेवून, आणि ते आशाताईंना समजावून सांगायची जबाबदारी शिवळ्याच्या विद्यार्थ्यांवर द्यावी.

पुढच्या आठवड्यात सिकलसेलवरचा जनुकोपचार पाहू. क्रिस्पर तंत्रावर आधारलेल्या पहिल्या उपचाराला अमेरिकेत डिसेंबर 2023 मध्ये परवानगी मिळाली, त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे. ती इतकी का आहे आणि कमी कशी होऊ शकते, हा पुढच्या लेखांकाचा विषय.